आधी दशांश, मग अंश

परीक्षा चौदा मार्चला होती. बिश्केकमध्ये, सकाळी नऊ ते बारा. मी ती आधी दोनदा दिली होती आणि दोन्ही वेळा नापास झाले होते, पहिल्यांदा अकरा गुणांनी, दुसऱ्यांदा चार. परदेशी जाऊन हिमनद्यांचा अभ्यास करायचा तर माझ्यासारखीला ही एकच शिष्यवृत्ती होती, आणि तिला वयाची अट होती. सव्विसावं पूर्ण झालं की अर्ज घेत नाहीत. मला सप्टेंबरमध्ये सव्वीस पूर्ण होणार होती. म्हणजे ही तिसरी खेप शेवटची.

नापास का झाले हे मी मोजून पाहिलं होतं. वसतिगृहात असताना आठवडाभर मी घड्याळ लावून बसले. पुस्तक उघडून तीन तास बसले तर त्यातली प्रत्यक्ष अभ्यासाची मिनिटं भरायची बावन्न. बाकीचा वेळ फोन, खोलीतल्या दोघी मैत्रिणी, पुन्हा फोन, भूक नसताना खाणं. विषय मला येत होता. एका जागी बसणं येत नव्हतं.

म्हणून मी आक-बेलच्या हवामान केंद्रावरची निरीक्षकाची जागा मागून घेतली. उंची तीन हजार सहाशे मीटर, माणसं दोन, ऑक्टोबर ते मे. फोनला रेंज नाही, फक्त खाली नारिन गावातल्या ऑफिसशी बोलायचा वायरलेस. खालच्या ऑफिसातल्या लोकांना वाटलं माझं कुणाशी तरी वाजलंय. आई म्हणाली, लोक तिथून खाली यायला अर्ज करतात आणि तू वर जायला करतेस.

केंद्रावरचे दुसरे निरीक्षक तोक्तोसून बाइके. वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे बाइके म्हणतात. साठीला टेकलेले, एकतीस वर्षं तिथेच. बायको वारलेली, मुलगी ओश शहरात चौथ्या मजल्यावर राहते, आणि तिथे जाऊन राहायचा विषय निघाला की त्यांचे गुडघे दुखायला लागत. एरवी दुखत नसत. पहिल्या दिवशी त्यांनी मला जाळीच्या पांढऱ्या पेटीसमोर उभं केलं, पेटीचं दार उघडलं आणि तापमापक कसा वाचायचा ते शिकवलं. आधी दशांश वाचायचा, मग पूर्ण अंश. आपण जवळ गेलो की आपल्या श्वासाने, अंगाच्या उबेने पारा हलतो, म्हणून जो आधी हलणार तो आधी टिपायचा.

"दशांश पळतो," ते म्हणाले. "अंश कुठे जात नाही. तो बिचारा उभाच असतो."

नोंदी दर तीन तासांनी. सकाळचे सहा, नऊ, बारा आणि दुपारचे तीन माझे. संध्याकाळचे सहा, नऊ, मध्यरात्र आणि पहाटेचे तीन त्यांचे. ही वाटणी त्यांनीच केली. रात्र मला आवडते, म्हणाले, आणि तुला अभ्यासाला दिवस हवा. याचा अर्थ असा की मी उठायचे तेव्हा ते झोपलेले आणि ते कामाला लागायचे तेव्हा मी झोपायच्या तयारीला. एका छपराखाली दोन माणसं आणि दोघं मिळून जागी असण्याचे तास मोजकेच. त्यातला एक चहाचा. तीनची नोंद उरकली की चारच्या सुमाराला ते भिंतीवर दोनदा ठोकायचे आणि मी त्यांच्या खोलीत जायचे.

ऑक्टोबरात मी सवयी लावायला घेतल्या. मला ठाऊक होतं की निश्चय वगैरे माझ्याकडून होत नाही, म्हणून मी निश्चय केला नाही. मी अभ्यास नोंदींना बांधला. नऊची नोंद झाली, आकडे वायरलेसवर सांगितले, की बूट काढायच्या आधी पहिलं गणित. बुटावरचा बर्फ वितळून फरशीवर पाणी व्हायचं, पण गणित सुटल्याशिवाय बूट काढायचे नाहीत. बाराची नोंद झाली की जेवायच्या आधी मागच्या वर्षीचा एक प्रश्न. सकाळी सहाच्या नोंदीनंतर बाहेर अंधार असे, तेव्हा फक्त सूत्रं. पहिल्या आठवड्यात दिवसाला सहा गणितं झाली. नोव्हेंबरअखेर पंधरा. मी चौकटीच्या कागदावर आलेख काढत होते. आडव्या रेषेवर दिवस, उभ्या रेषेवर गणितं, आणि खाली प्रत्येक व्यत्ययाची खूण: खिडकीशी जाणं, वारा, भूक, घरची आठवण. घरच्या आठवणीला मी त्रिकोण दिला होता. डिसेंबरात त्रिकोण फार झाले तेव्हा तो रकानाच काढून टाकला. म्हणजे खूण करणं थांबवलं. आठवण यायची ती येतच होती.

जानेवारीत आलेख सपाट झाला. एकोणीस-वीस गणितांच्या वर जाईना. मी व्यत्ययांची बेरीज केली आणि सगळ्यात मोठा आकडा निघाला चहाचा. सरासरी एक तास सत्तेचाळीस मिनिटं.

त्याला कारण होतं. बाइके पियाला कधी पूर्ण भरायचे नाहीत. काठोकाठ भरलेला पियाला म्हणजे, घे आणि चालू लाग. अर्धा भरला म्हणजे माणूस बसावा असं वाटतं. तो रिकामा झाला की पुन्हा अर्धा. मी मोजलं होतं, एका बैठकीला अकरा अर्धे पियाले. त्याबरोबर नान, लोणी, जर्दाळूचा मुरंबा आणि बोलणं. बोलण्याची सुरुवात रोज एकाच ठिकाणी व्हायची: तीनला किती होतं? बाराला किती होतं? वारा कुठून? मी आकडे सांगायचे. मग ते सांगायचे की अमुक साली या दिवशी असाच पारा होता आणि दोन घोडे घसरून दरीत गेले, आणि मग घोड्यांच्या मालकाची गोष्ट, आणि मग मालकाच्या सुनेची. मला ते आवडायचं. आवडायचं हीच अडचण होती.

एकोणीस जानेवारीला मी आलेख घेऊनच चहाला गेले. त्यांना दाखवला. त्यांनी कागद नाकाजवळ धरला, मग लांब धरला. मी सांगितलं, ही उंच उभी रेघ आहे ना, ती चहाची.

"म्हणजे ही मी?" त्यांनी विचारलं. "एवढा उंच मी जन्मात दिसलो नव्हतो. आईला दाखवायला हवं होतं."

मी हसले नाही, कारण हसले असते तर सांगता आलं नसतं. परीक्षेपर्यंत मी चहाला येणार नाही, म्हटलं. चौपन्न दिवसांचा प्रश्न आहे. भिंतीवर ठोकू नका. नान मी दुपारीच नेऊन ठेवीन, तुम्हाला जेवण लागेल ते चुलीवर असेल.

 माझा पियाला रिकामा होता, तो त्यांनी भरला, पुन्हा अर्धाच.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "शिकायचं तर असंच शिकावं. फक्त जाता-येता तीनचा आकडा तेवढा सांगत जा."

"वहीत असतोच ना, बाइके."

"हो," ते म्हणाले. "वहीत असतोच."

त्या दिवसानंतर भिंतीवर कुणी ठोकलं नाही. मी संध्याकाळी सहाला त्यांच्या बुटांचा आवाज ऐकायचे: दार, पायऱ्या, बर्फावरून चाळीस पावलं, पेटीचं दार. मग परत. मग पलीकडच्या खोलीत वायरलेसवर त्यांचा आवाज, नारिनला आकडे सांगताना. दिवसभरात मला ऐकू येणारा माणसाचा आवाज एवढाच, तोही भिंतीतून, तोही आकड्यांचा. माझा स्वतःचा आवाज चार वेळा, तोही आकड्यांचा. एकदा मी गणित सोडवताना मोठ्याने "म्हणून" म्हणाले आणि दचकले.

पण आलेख चढला. चोवीस, सत्तावीस, एकतीस. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी जुनी प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवली आणि शंभरपैकी त्र्याऐंशी गुण पडले. लागत होते ऐंशी. मी तो आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहिला, त्याला चौकट केली आणि बराच वेळ त्या चौकटीकडे पाहत बसले. कुणाला सांगावं असं वाटलं. बाइके झोपले होते.

सात मार्चला बर्फावरून पट्ट्यांवर चालणारी गाडी वर येणार होती, शिधा घेऊन. मी तिच्यातून खाली उतरायचं, परीक्षा द्यायची आणि एकवीसच्या फेरीने परत यायचं. मधले चौदा दिवस बाइके एकटे आठही नोंदी घेणार होते. त्यांनी हे पूर्वी कितीदा तरी केलं होतं. ऑफिसने मंजुरी दिली होती.

अठ्ठावीस फेब्रुवारीला मी महिन्याचा तक्ता करायला बसले. हे काम माझ्याकडे होतं: वहीतल्या सगळ्या नोंदी एका मोठ्या कागदावर उतरवायच्या, ड्रमवरच्या कागदाशी ताडून पाहायच्या, खाली दोघांनी सही करायची. ड्रम म्हणजे दुसऱ्या पेटीतलं यंत्र, त्याच्यातलं पेन आठवडाभर तापमानाची वळणदार रेघ काढत राहतं. वहीतले बाइकेंचे आकडे अलीकडे फार मोठे झाले होते, रकान्याबाहेर जात होते. मला तो त्यांचा रुबाब वाटला होता.

तीन फेब्रुवारीपर्यंत सगळं जुळत होतं. तीनला दुपारी माझी नोंद होती उणे एकोणीस पूर्णांक चार. संध्याकाळी सहाला त्यांची, उणे सोळा पूर्णांक दोन. संध्याकाळी, निरभ्र आकाश असताना, पारा तीन अंश चढला? ड्रमची रेघ पाहिली. ती खाली गेली होती, सरळ, उणे एकवीसच्या आसपास.

मी पुढचे दिवस तपासले. मग सोडवायची प्रश्नपत्रिका बाजूला ठेवून दुपारभर तेच केलं. त्यांच्या शंभर नोंदींपैकी एकतीस चुकलेल्या. दहा रात्री. चूक पाच अंशांची, क्वचित दहाची. कधी तीनची नाही, कधी सातची नाही. आणि दशांश प्रत्येक ठिकाणी पटण्यासारखा. यंत्र बिघडलं तर असं बिघडत नाही. काचेवरच्या बारीक रेघा ज्याला जवळून दिसतात पण कुठली रेघ पाचाची आणि कुठली दहाची, शेजारचा आकडा काय, हे दिसत नाही, तो माणूस असा चुकतो.

जानेवारीच्या तक्त्यात एकही चूक नव्हती, कारण चहा बंद झाल्यानंतरचे दोन आठवडे हवा एका जागी बसून होती. रोज तोच ढग, तोच पारा. त्यांना शेवटी कळलेला आकडा त्यांना तेवढे दिवस पुरला. तीन फेब्रुवारीला थंडीची लाट आली आणि ती आल्याचं त्यांना कुणी सांगितलं नाही. चहाच्या वेळी मी आकडा सांगायचे आणि त्या आकड्याला धरून ते रात्रभर चालायचे, भिंतीला हात लावून चालावं तसे. दशांश स्वतः वाचत, अंश माझा. हे मला कळायला अठ्ठावीस तारीख उजाडावी लागली, आणि मी त्यांच्याहून एका भिंतीच्या अंतरावर राहत होते.

हेही मला लगेच कळलं, आणि ते आधी कळलं हे मी लपवणार नाही: त्यांना दिसत नसेल तर मी खाली जाऊ शकत नाही.

चार वाजता मी त्यांच्या दारावर ठोकलं. ते नुकतेच उठून पाणी ठेवत होते. मला पाहून त्यांनी दुसरा पियाला काढला आणि बाहीने पुसला. मी तक्ता आणला होता. तो मी पुढे केला नाही, मांडीवर ठेवला.

मी विचारलं, डोळ्यांना कधीपासून होतंय?

त्यांनी चहा ओतला. थोडा बाहेर सांडला.

"दोन हिवाळे," ते म्हणाले. "डाव्यात दूध सांडलंय. उजव्यात ताक, म्हणजे थोडं बरं." मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेला पाहत म्हणाले, "सादिर होता ना तुझ्याआधी, तो बडबड्या. चहाला बसला की दिवसभराचा पारा आपणहून ओकायचा. त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. तू हुशार निघालीस."

मी हुशार नाही, मी म्हटलं. मला चार आठवडे लागले.

मग त्यांनी मला बाकीचं सांगितलं, अगदी कामाचं बोलावं तसं. मोतीबिंदू आहे, नारिनच्या डॉक्टरने पाहिलंय, शस्त्रक्रिया करून घ्या म्हणाला आणि नंतर उंचावर जायचं नाही म्हणाला. म्हणून केली नाही. ओशला चौथ्या मजल्यावर खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसतात. तिथे बसून माणूस काय मोजणार? नारिनहून फेब्रुवारीत दोनदा विचारणा झाली होती, तुमचे रात्रीचे आकडे विचित्र येतायत, तापमापक ठीक आहे ना? त्यांनी सांगितलं होतं, बदलतो. आणि खरंच बदलला होता.

मग ते पुढे झुकले. "तू जा. परीक्षा दे. एकवीसला परत आलीस की मी स्वतः वायरलेसवर सांगतो, तोक्तोसून म्हातारा झाला, न्या त्याला. चौदा दिवसांचा प्रश्न आहे. मी अंदाजात पक्का आहे, एकतीस वर्षं झाली. चुकलं असेल तर पाच-सहा वेळा."

मला हो म्हणायचं होतं.  रात्रीचं तापमान बघून खालच्या घाटाचा रस्ता सुरू ठेवायचा की बंद, हे नारिनचे लोक ठरवतात. हिमकडा कधी सुटेल याचा त्यांचा हिशोब आमच्या आकड्यांवर चालतो. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं आणि दोघांनीही ते उच्चारलं नाही.

"एकतीस," मी म्हटलं.

"हो, एकतीस वर्षं."

"नाही, बाइके. एकतीस वेळा. या एका महिन्यात."

त्यांनी पियाला खाली ठेवला. ठेवताना जमिनीचा अंदाज चुकला नाही, ती जागा त्यांना पाठ होती.  मग त्यांनी विचारलं, सगळ्यात मोठी चूक किती? मी म्हटलं, दहा अंश, सतरा तारखेला. ते म्हणाले, सतराला मला जाणवलं होतं थंडी फार आहे, पण मी म्हटलं आपलंच वय असेल.

त्या संध्याकाळी सहाला मी त्यांच्याबरोबर पेटीपर्यंत गेले. त्यांनी दशांश वाचला, मी अंश.

दुसऱ्या दिवशी नऊची नोंद माझी. आदल्या दिवशी मी ठरवलं होतं की नारिनला सांगायचं. मी बटण दाबलं, पलीकडे नारिनच्या ऑफिसातल्या जुमागुल एजे, म्हणजे जुमागुल ताई, होत्या, मी आकडे सांगितले. तापमान, दाब, वारा, बर्फाची जाडी. त्यांनी विचारलं, आणखी काही? मी बटणावर बोट ठेवून उभी होते. मला सात मार्चची गाडी दिसत होती आणि तिच्यातली माझी जागा. एक दिवस थांबावं, मी मनात म्हटलं, उद्या सांगता येईल; आज रात्री मी त्यांच्याबरोबर जाईन, उद्याही जाईन, कुणाचं नुकसान होणार नाही.

"काही नाही," मी म्हटलं.

"दे इकडे," मागून आवाज आला.

बाइके या वेळी कधी जागे नसत. लोकरी मोज्यांवर उभे होते, सदरा उलटा घातलेला. त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला आणि जुमागुल एजेंना सांगितलं. थोडक्यात सांगितलं. तीन फेब्रुवारीपासूनच्या माझ्या नोंदी धरू नका, ही पोरगी दुरुस्त आकडे वाचून दाखवेल. मला आता दिसत नाही. मग म्हणाले, एक काम करा, कुणाला तरी सातच्या आत वर पाठवा, हिची परीक्षा आहे.

पलीकडे खरखर झाली. एजे म्हणाल्या, विचारून सांगते. बाराला त्यांनी सांगितलं. बदली माणूस एकवीसच्या फेरीआधी मिळत नाही, दुसऱ्या केंद्रावर आजारपण आहे. तोक्तोसून बाइकेंनी सातच्या गाडीने खाली यावं. बुरुलायने, म्हणजे मी, केंद्र सांभाळावं. केंद्र रिकामं ठेवता येणार नाही.

बाइके त्यानंतर आठवडाभर रोज वायरलेसवर भांडले. जुन्या ओळखी काढल्या, ऑफिसप्रमुखाच्या वडिलांचं नाव घेतलं, एकदा आवाज चढवला, एकदा तर गयावया केली. ती मी पूर्ण ऐकली नाही, खोलीत जाऊन कान झाकून घेतले. काही झालं नाही. नियम त्यांनीच एकतीस वर्षं पाळला होता, त्यामुळे त्याच्यात फट कुठे नाही हे त्यांना इतरांपेक्षा जास्त माहीत होतं.

सातला गाडी आली. चालक एसेन, मोठा बोलका माणूस, शिध्याची पोती उतरवता उतरवता म्हणाला, यंदा नवरी म्हणून पोरगी न्यायला आलो तर गाडीत म्हातारा बसतोय. कुणी हसलं नाही तेव्हा तो पोती मोजायला लागला. बाइकेंचं सामान एकाच ट्रंकेत मावलं. निघायच्या आधी घरातल्या नानचा तुकडा मोडून खाल्ल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही, तसा त्यांनी उभ्याउभ्या खाल्ला. मग मला म्हणाले, तुझी जागा मी घेतली.

मी म्हटलं, तुम्ही भिंतीवर ठोकायला हवं होतं. एकदा तरी.

"तू अभ्यासाला बसलेली असायचीस," ते म्हणाले. "पानं उलटल्याचा आवाज यायचा. मला वाटायचं, चला, इथून कुणीतरी कुठेतरी पोचतंय." मग एसेनने त्यांना कोपराला धरून गाडीत चढवलं. पायरीचा अंदाज त्यांचा चुकला.

गाडी वळणाआड गेल्यावरही तिचा आवाज बराच वेळ येत राहिला. मी तो थांबल्याची वेळ पाहिली. अकरा वाजून सदतीस मिनिटं.

आता आठही नोंदी माझ्या. झोप अडीच-अडीच तासांचे तुकडे. सगळ्यात मोठा व्यत्यय खाली गेला होता, दिवसात कुणी बोलायचं नव्हतं, कुणाची वाट पाहायची नव्हती, आणि पहिले चार दिवस माझ्याकडून एक गणित सुटलं नाही. पुस्तक उघडायचे, पहिली ओळ वाचायचे आणि पलीकडच्या खोलीत कुणी नाही हे ऐकत बसायचे. पाचव्या दिवशी नऊच्या नोंदीनंतर खुर्चीत बसले, बूट काढायला वाकले, आणि हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. सवयीला कुठलं ठाऊक असतं की ज्यासाठी लावली ते आता उरलं नाही. त्या दिवशी अकरा झाली. दुसऱ्या दिवशी वीस.

चौदा मार्चला नऊची नोंद मी पाच मिनिटांत उरकली. उणे अकरा पूर्णांक सहा, वारा नाही, आकाशात दहात दोन भाग ढग, बर्फ पडत नाही. जुमागुल एजेंनी आकडे घेतले आणि जरा थांबून म्हणाल्या, आज होती ना तुझी? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, तोक्तोसून बाइकेंच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया परवा झाली, पट्टी आहे, ओशला जायचं अजून नाही म्हणतायत. मग दुसऱ्या केंद्राचा आवाज मध्ये आला आणि त्यांना जावं लागलं.

माझ्याकडे एक जुनी प्रश्नपत्रिका होती, न उघडलेली. शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवली होती. मी ती टेबलावर ठेवली, घड्याळ समोर ठेवलं आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी सुरुवात केली. बाराच्या नोंदीसाठी दहा मिनिटं आधी उठावं लागणार होतं, म्हणजे वीस मिनिटं कमी. मी ते मान्य केलं.

मी आयुष्यात कधी असा अभ्यास केला नव्हता. एकेक प्रश्न समोर आला आणि त्याच्याखेरीज काही नव्हतं. खिडकी नव्हती, चूल नव्हती, आक-बेल नव्हतं. मी पाणी प्यायले नाही. उष्णतावहनाचा शेवटचा प्रश्न संपवून पेन्सिल ठेवली तेव्हा अकरा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती. उत्तरं मागच्या पानांवर होती, ती मी उभ्याने ताडली. एक्क्याण्णव.

ऐंशी लागत होते. मी पुन्हा बेरीज केली. एक्क्याण्णवच.

मग कोट चढवला, वही घेतली, दार उघडलं. बर्फ पडत होता. दाट, सरळ, आवाज न करता. पायऱ्यांवर बोटभर साठला होता, पेटीच्या छपरावरही. सकाळी मी गेले होते त्या पावलांच्या खुणा राहिल्या नव्हत्या.

निरीक्षकाला बर्फ कधी सुरू झाला ते मिनिटासह लिहावं लागतं. वहीत त्यासाठी वेगळा रकाना आहे. केंद्रावर दोन माणसं असली की एकाचं लक्ष नसलं तरी दुसऱ्याने पाहिलेलं असतं; एक दुसऱ्याला विचारतो. मी खिडकीपासून दीड मीटरवर बसले होते. साठलेल्या थरावरून अंदाज बांधता आला असता: दहा, सव्वादहा. असा अंदाज बांधून लिहिला तर नारिनला कुणालाही कळलं नसतं.

मी तापमापक वाचला, आधी दशांश, मग अंश, आणि अंश दुसऱ्यांदा वाचला. आत येऊन आकडे लिहिले. बर्फ सुरू झाल्याच्या रकान्यात लिहिलं, माहीत नाही. मग बटण दाबलं आणि तसंच सांगितलं. पलीकडे आज दुपारच्या पाळीचा कुणी नवा माणूस होता. त्याने विचारलं, माहीत नाही म्हणजे काय, तिथे कुणी नव्हतं का?

मी म्हटलं, मी होते.